पुदिन्याला किती खाऊ घालावं

जयगड, ५ ऑगस्ट

उमैमा,

सलाम. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितोय. तुझ्या कंपनीच्या मुंबई ऑफिसचा पत्ता अम्मीकडून घेतला. तिथून एजंट हे पुढच्या कुठल्यातरी बंदरात तुमच्या बोटीवर पोचवेल. कधी पोचवेल ते सांगता येत नाही, पण पोचवेल. मी आयुष्यभर अशीच पत्रं घेतली आणि अशीच पाठवली. फोन कापता येतो. बोटीवर आलेलं पत्र कुणी समुद्रात टाकत नाही, निदान वाचायच्या आधी तरी नाही.

भांडण उकरायला बसलेलो नाही. बोटीवर स्वयंपाकी व्हायचा कोर्स तू मला न सांगता केलास. मी नको म्हटलं, तू गेलीस. गॅली म्हणजे बोटीचं स्वयंपाकघर, आणि ती मुलीची जागा नव्हे, हे माझं म्हणणं होतं. अशाच गॅल्यांमध्ये केस पिकवून मी ते म्हटलं होतं. तुझं म्हणणं वेगळं होतं. या गोष्टीला आता दोन पावसाळे होत आले. तेवढ्यावर ते राहू दे.

इकडची खबर देतो. घरामागे विहिरीच्या अंगाला कातळाचा जो तुकडा ओसाड पडला होता, तिथे मी बाग केली आहे. फुलं नाहीत. फुलं खाता येत नाहीत. पुदिना, गवती चहा, पानओवा, सब्जा आणि कढीपत्त्याची झाडं. जांभ्यावर माती कुठली, म्हणून चिऱ्यांचे बांध घातले आणि आत माती आणि शेणखत ओतलं. जूनमध्ये पुदिना असा पसरला की बांधावरून खाली लोंबायला लागला. मग जुलै आला. तुला जुलै माहीत आहे. मातीतला सगळा कस पाण्याबरोबर खाडीत गेला, आणि आता पानं कडेने पिवळी पडायला लागलीत.

अम्मी म्हणते, पाऊस ओसरू दे, मग बघा. उपाशी माणसाला कुणी सांगतं का, पाऊस ओसरू दे, मग जेव म्हणून?

मासेमारीची बंदी उठली आणि जेट्टीवर माल यायला लागला. त्याच दिवशी मी बांगड्याची आणि तारल्यांची डोकी, आतडी टोपल्या भरून घेऊन आलो. निळ्या पिंपात एक थर मासळीचा, एक थर गुळाचा. झाकण सैल ठेवलं आहे, नाहीतर आतल्या वाफेने पिंप फुटायचं. तीनेक आठवड्यांत अर्क सुटेल. ही विद्या मला एका फिलिपिनो बोसनने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, शिकवली होती. त्याच्या गावात भाताला हेच घालतात. फणसाखाली पिंप ठेवलं आहे, घराच्या अगदी जवळ, म्हणजे लक्ष राहतं.

एप्रिलमध्ये मला ताप आला होता, तो गेला. अम्मीने तुला वाढवून सांगितलं असेल. मी ठणठणीत आहे. फक्त बाजारातला माल फार उतरलाय हल्ली. चहाला काही चव नाही, मसाल्यात दम नाही. अम्मीने मालगुंडहून नवा मसाला कुटून आणला, तोही तसलाच. लोकांनी भेसळीची हद्द केली आहे.

तुझे अब्बा


जयगड, ३० ऑगस्ट

उमैमा,

उत्तर आलेलं नाही. बोट भर समुद्रात असेल.

अर्क तयार झाला. काळा, दाट, मधासारखा. पहिल्या दिवशी बोसन सांगायचा तसं बादलीभर पाण्याला बाटलीचं एक झाकण घातलं आणि झाडांना दिलं. पण एक झाकण म्हणजे काय? आजाऱ्याची पेज झाली ती. दुसऱ्या खेपेपासून मी तांब्याने घालतो, आणि एक दिवसाआड घालतो. पुदिन्याला, सब्ज्याला, सगळ्यांना सारखं. माझ्या गॅलीत कॅप्टनला आणि खलाशाला एकच जेवण असायचं, ही बाग तरी वेगळी का असावी?

आणि काय सांगू, बाग बघायला लोक येतात. पुदिन्याचं पान विड्याच्या पानाएवढं झालंय. सब्जा माझ्या कमरेच्या वर गेलाय. मालगुंडच्या रस्त्याला हितेशभाईंचं लॉज आहे ना, तेही येऊन गेले. बागेत उभे राहून म्हणाले की गफूरभाई, माझ्या किचनला हाच पुदिना पाहिजे, सुट्ट्यांचा सीझन येतोय. मी हो म्हटलं. दर दोन दिवसांनी टोपलीभर जाईल. घरात बसून कंटाळलेल्या माणसाला पुन्हा एका किचनला माल पुरवायला मिळतोय, हे तुला सांगावंसं वाटलं. तुला ते कळेल.

एक गंमत झाली. पलीकडच्या घरातल्या मैनावहिनी नाकाला पदर लावून आल्या. म्हणाल्या, "गफूरभाई, काय मेलंय काय वो तुमच्या परसात?" मी म्हटलं, काही मेलं नाही, मासळीचं खत आहे, बंद पिंपात आहे, वास कुठे येतो? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग अम्मीशी बराच वेळ कुजबुजल्या. त्या दिवसापासून अम्मी मागची खिडकी उघडत नाही आणि जेवायचं ताट घेऊन पुढच्या पडवीत जाते. मासळीच्या गावात जन्म काढलेल्या बायका, आणि नाकं बघा किती नाजूक झालीत.

जुम्म्याला मशिदीत माझ्या शेजारी बसलेला जुनेद सरकून पुढच्या ओळीत गेला. नंतर हसत म्हणाला, चाचा, अख्खी बाटली ओतलीत का अंगावर? मी अत्तर जरा जास्तच लावतो हल्ली, ते खरं. पण अत्तरंही फिकी येतात त्याला मी काय करू.

अम्मी सांगते की तुझी बोट मोठी आहे आणि तू सेकंड कुक आहेस. चीफ कुक कोण, कुठला, ते तिला माहीत नाही. हे तू तिला सांगायला हवं होतंस. हाताखाली काम करणाऱ्याला वरचा माणूस कसा आहे यावरच सगळं असतं.

तुझे अब्बा


जयगड, १३ सप्टेंबर

उमैमा,

आज जरा रागात लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

हितेशभाईंकडून टोपली परत आली. त्यांचा स्वयंपाकी सखाराम स्वतः घेऊन आला. चांगला माणूस आहे, माझ्याच वयाचा. टोपली ओट्यावर ठेवली आणि चटणी कशी झाली होती, गिऱ्हाईकांनी काय विचारलं, ते सगळं सांगत बसला. मी म्हटलं, सरळ बोल.

तो म्हणाला, "चाचा, पाला दिसायला झकास आहे. पण ह्याला वास नाही. पालक वाटल्यासारखी चटणी होते."

मी टोपलीतलं पान उचललं आणि त्याच्या समोर चावलं. जिभेला गारवा लागला. थोडा होता, पण होता. मी म्हटलं, हा गारवा कसला मग? पालक गार लागतो का? तो चहाही न घेता गेला. मी मागून हाक मारून सांगितलं की उद्यापासून माल येणार नाही. त्याने मान हलवली, म्हणजे त्यांनाही नकोच होता.

मग अम्मीला बोलावलं. पान चुरडून तिच्या नाकाशी धरलं आणि विचारलं, वास आहे की नाही? तिने पान हुंगलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ठीक आहे. मी म्हटलं, ठीक म्हणजे काय, आहे की नाही? तर म्हणाली, तुम्हाला काय वाटतं? आणि चुलीवर दूध आहे म्हणून आत गेली. दूध नव्हतं.

मी पुन्हा अर्क घातला. म्हटलं, कस कमी पडत असेल. आता पानाच्या कडा काळ्या पडायला लागल्यात आणि खालून माव्याची कीड चढतेय.

तुला एक प्रश्न घालतो. गरज आहे म्हणून नाही, परीक्षा म्हणून. कोर्समध्ये शिकवलं असेल तर उत्तर येईल. झाड जोमाने वाढतंय, पान मोठं आहे, रंग हिरवागार आहे आणि तरी वास नाही, याचं कारण काय? आणि स्वयंपाक्याने ते ओळखायचं कसं, समजा त्याच्या नाकाला सर्दी आहे?

तुझे अब्बा


जयगड, २१ सप्टेंबर

उमैमा,

आज सगळं सरळ लिहितो.

परवा दुपारी वाऱ्यापावसाने झोडपलं. अम्मी मोहल्ल्यात कुणाकडे तरी बाळंतिणीला बघायला गेली होती. मी कालवण गॅसवर ठेवून पडवीत येऊन बसलो. समोर बंदराला एक कोळशाची बोट लागत होती, ती बघत होतो. पाऊस आत येतो म्हणून मागचं दार मी लावून घेतलं होतं, खिडकी बंद होतीच. थोड्या वेळाने आत गेलो तर कालवण उतू जाऊन बर्नर विझला होता. मी पातेलं बाजूला केलं, शेगडी पुसली आणि काडेपेटी उचलली.

तेवढ्यात मागचं दार लोटून मैनावहिनी आत आल्या. कढीपत्ता मागायला आल्या होत्या. दारातूनच म्हणाल्या, "गफूरभाई, काडी ओढू नका."

काडी माझ्या बोटांत होती. वहिनींनी येऊन माझ्या हातातून काडेपेटी काढून घेतली, कॉक बंद केला, सिलिंडर बंद केला, खिडक्या धडाधड उघडल्या आणि मला हाताला धरून पावसात अंगणात नेलं. मी ऐकत गेलो. बाहेर उभं राहिल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्हाला वास नाही आला?"

मी म्हटलं, आला ना, बघतच होतो.

अम्मी येईपर्यंत त्या माझ्याबरोबर अंगणात थांबल्या, दोघंही भिजत. काडी अजून माझ्या बोटांत होती, ती मोडून मी खिशात टाकली. आग मी बघितली आहे. गॅलीत तेल पेटलेलं बघितलंय, मलाक्काच्या सामुद्रधुनीत, आणि ते मी एकट्याने विझवलंय. परवा मात्र मला हाताला धरून बाहेर न्यावं लागलं.

संध्याकाळी अम्मीला सांगितलं. मला वास येत नाही, हफीजा. एप्रिलच्या तापापासून येत नाही. गॅसचा नाही, मासळीचा नाही, अत्तराचा नाही. तिखट जिभेला लागतं, मीठ लागतं, पुदिन्याचा गारवा लागतो. बाकी सगळं पुठ्ठा.

ती म्हणाली, "मला माहीत होतं. तुम्ही मीठ वाढवत गेलात ना, तेव्हाच."

म्हणजे इतके महिने ती ते खारट जेवण गप्प बसून जेवत होती. मी विचारलं, बोलली का नाहीस? तर म्हणाली की तुम्ही रोज सांगत होतात मसाला वाईट आहे. मसाला वाईट नाही हे मी सांगितलं असतं, तर तुम्हाला काय वाईट आहे हे पण सांगावं लागलं असतं. ते तुम्हीच सांगायचं होतं.

उमैमाला कळवलं का, असं मी विचारलं. नाही म्हणाली. तुमची गोष्ट तुम्हीच तिला सांगा.

तर सांगतोय. माझ्या गॅलीत वास न येणारा माणूस आला असता तर मी त्याला पुढच्याच बंदरात उतरवला असता, आणि त्यात मला वावगं वाटलं नसतं. असा माणूस आता माझ्याच घरात निघालाय.

आज रत्नागिरीला नाकाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. तरुण बाई आहेत, घाईत नव्हत्या. तापाने नाकाच्या नसा दुखावल्या आहेत म्हणाल्या. परत येईल किंवा येणार नाही, वचन देत नाही. लवंग, लिंबू, निलगिरी, गुलाब, असं एक एक सकाळ-संध्याकाळ नाकाशी धरायचं आणि त्याचा वास मनात आठवायचा. नाकाला पुन्हा शाळेत घालायचं म्हणे. मी घालणार आहे. मी अजून मेलेलो नाही.

पण बागेचं काय करू ते कळत नाही. बाग फक्त डोळ्यांनी करता येत नाही. मागच्या पत्रातला प्रश्न परीक्षेचा नव्हता. उत्तर येत असेल तर कळव.

तुझे अब्बा


सिंगापूर, ६ ऑक्टोबर

चीफ कुकसाहेब,

एजंटने चारही पत्रं आज एकदम आणून दिली. कागदावर लिहितेय आणि फोटो काढून अम्मीच्या फोनवर पाठवतेय. पण पत्र म्हणूनच वाचा, चष्मा लावून, पडवीत बसून.

पहिली दोन वाचताना मी हसत होते. तिसरं वाचताना हसू थांबलं. चौथं वाचून मी कोल्ड स्टोअरमध्ये जाऊन उभी राहिले, कारण तिथे कुणी येत नाही. मैनाकाकींना माझा सलाम सांगा. नुसता सांगू नका, त्यांच्या घरी जाऊन सांगा.

आता बाग. तुम्ही झाडांना खाऊ घालून घालून लठ्ठ केलंत. मला हे कोर्समध्ये शिकवलेलं नाही. गॅलीच्या खिडकीत मी तेलाच्या कापलेल्या डब्यात पुदिना लावला होता. समुद्रावर हिरवं काही दिसलं की बरं वाटतं म्हणून त्याला रोज काहीतरी घालायचे, तांदळाचं धुवण, मासळीचं धुवण, जे हाताला लागेल ते. असा माजला की पोरं बघायला यायची. मग एक दिवस कॅप्टनच्या ताकात घातला तर त्याने विचारलं, गवत घातलंस का? तेव्हा मी घालायचं थांबवलं. कंटाळून थांबवलं खरं तर. झाड बारकं झालं, पान लहान आणि जाड झालं, आणि गॅलीत शिरलं की वास यायला लागला. पोटभर मिळालं की झाड नुसतं पाणी आणि पान करतं. जरा ओढ लागली की पानात तेल धरतं. माणसांचंही काहींचं असंच असतं, पण ते जाऊ दे.

पिंपाचं झाकण लावा आणि ते आगराच्या पार टोकाला नेऊन ठेवा. पुदिना जमिनीपासून बोटभर ठेवून सगळा कापा. रडू नका, येतो परत. महिनाभर त्याला पाण्याशिवाय काही देऊ नका. पाऊस ओसरला की तेही बेताने. नवा फुटवा नीट धरला की बोसनने सांगितलं होतं तेच, बादलीला एक झाकण, मुळाशी, एकदा. पुढची खेप परत कापणी झाल्यावरच. सब्ज्याला आणि पानओव्याला ह्या वर्षी काहीच नको, ती उपाशीच चांगली. गवती चहाला दिलंत तर चालेल, तो खादाड आहे. कढीपत्त्याला आंबट ताक घाला, अम्मीला ते माहीत आहे, तुम्ही तिला विचारलं नसेल. फणसाची खालची फांदी छाटा म्हणजे सकाळचं ऊन बागेवर येईल. आणि रोज सकाळी पान चुरडून अम्मीच्या नाकाशी धरा. ती आता "ठीक आहे" म्हणणार नाही, मी तिला फोनवर सांगितलंय.

तुम्ही विचारलं होतं म्हणून सांगते. आमचा चीफ कुक गोव्याचा होता, बरा माणूस होता. मागच्या महिन्यात त्याला अपेंडिक्सचा त्रास झाला आणि कोलंबोला उतरवलं. नवीन माणूस जानेवारीशिवाय येत नाही. तोवर बावीस माणसांचं मी करतेय. हे अम्मीलाही माहीत नाही. जेवणाची तक्रार नाही, पण पाव होत नाही. ह्या हवेत कणीक फुगते आणि भट्टीत बसते, विटेसारखी. आमचा बोसन रोज सकाळी पाव हातात घेऊन वजन करून बघतो आणि परत ठेवतो. तुमचा पाव दक्षिण चीनच्या समुद्रातही फुगायचा, असं तुम्ही सांगायचात.

परीक्षा म्हणून विचारत नाहीये.

उमैमा


जयगड, २ नोव्हेंबर

उमैमा,

तुझं पत्र पडवीत बसून, चष्मा लावून वाचलं. अम्मीने मोठ्याने वाचून दाखवू का विचारलं, मी नको म्हटलं.

मैनावहिनींकडे गेलो. तुझा सलाम सांगितला आणि माझाही. काय बोलायचं ते जाताना ठरवलं होतं, तिथे गेल्यावर नीट जमलं नाही. त्यांनी चहा केला आणि म्हणाल्या, आधी ते पिंप हलवा. पिंप हलवलं. मी आणि जुनेदने मिळून आगराच्या टोकाला नेलं. वाटेत जुनेदला ओकारी आली, मी आपला शिट्टी वाजवत होतो.

पुदिना कापला. कापताना जिवावर आलं, हे लपवत नाही. कापलेला सगळा पाला खड्ड्यात घातला. मग काहीच न घालता रोज नुसतं बघत बसणं. रोज काहीतरी करायची सवय असलेल्या माणसाला हे काम अवघड आहे. दोनदा तांब्या हातात घेऊन पिंपापर्यंत गेलो आणि परत आलो. अम्मीने एकदा बघितलं.

नवं पान आलं ते बारकं, काळपट हिरवं, जरा खरखरीत. मला ते बघून वाटलं, झाड आजारी आहे. गेल्या गुरुवारी सकाळी अम्मीच्या नाकाशी धरलं. तिने हुंगलं आणि तशीच उभी राहिली. मी विचारलं, काय? तिने माझ्या हातातलं ते पान घेतलं, पदराच्या टोकात बांधलं आणि कामाला गेली. दिवसभर तो पदर नाकाशी नेत होती. मला काय ते कळलं.

एक जुडी घेऊन मी सखारामकडे गेलो. हितेशभाईंकडे नाही, थेट मागच्या दाराने किचनमध्ये. सांगितलं की तुझं नाक बरोबर होतं, आणि मला एप्रिलपासून वास येत नाही. त्याने हातातली सुरी खाली ठेवली. म्हणाला, मग हा पाला तुम्ही निवडला कसा? मी म्हटलं, निवडते हफीजा, कापतो मी. त्याने जुडी हुंगली आणि हितेशभाईंना बाहेर हाक मारून सांगितलं की चाचांचा माल सुरू करा. मग मला स्टुलावर बसवलं आणि स्वतः काय शिजवत होता ते सांगत बसला, एखाद्याला गोष्ट सांगावी तसं, कशाचा वास केव्हा आला, कांद्याचा कुठे संपला, धण्याचा कुठे लागला. मी तासभर बसलो. असं जेवण मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

लवंग आणि लिंबू चालू आहे. अजून काही नाही. डॉक्टरबाई म्हणतात, कधीकधी वर्ष लागतं. लागू दे.

आता पाव. रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी अर्धंच सांगितलं होतं, ते पूर्ण करतो. पाणी बर्फाचं घे. मीठ थोडं वाढव, यीस्ट निम्मं कर. त्या हवेत कणीक फुगवायची नसते, तिला आवरायचं असतं. मळून झाली की कोल्ड स्टोअरच्या दाराशी ठेव, आत नको, दाराशी. दुप्पट होईपर्यंत थांबू नकोस, दीडपट झाली की भट्टीत घाल. बोट डुलत असेल तर भट्टीचं दार मधे उघडू नकोस, कुणी कितीही हाका मारल्या तरी.

हे मी फोनवर सांगत असताना मधेच तू "थांबा जरा" म्हणालीस आणि फोन कुठल्यातरी फळीवर ठेवलास. मग तू मला विसरलीस बहुतेक. मी फोन ठेवला नाही. कानाला लावून पायरीवर बसून राहिलो. वरचा पंखा घरघरत होता. कुणीतरी पोरगा इंग्रजीत सांगत होता की बटाटे खराब निघाले. तू त्याला विचारलंस, किती खराब, अर्धे की सगळे? तो म्हणाला, अर्धे. तू म्हणालीस, मग अर्धे सोल, बाकीचे मला आणून दाखव. आवाज चढवला नाहीस. झाकण उतरलं, सुरी चालली, बारीक, एकसारखी, न थांबता. मग कढईत कांदा पडला. तो तडतडला नाही, किंचाळला.

मी फोनमध्ये मोठ्याने म्हणालो, "तेल जास्त तापलंय."

तुझा आवाज लांबून आला, "दिसतंय, अब्बा. आच कमी केली."

आणि कांदा खाली उतरला. आधी सळसळ, मग बारीक सूं सूं. मला नाक नव्हतं, तरी तो कधी गुलाबी झाला ते मला इथे जयगडला पायरीवर बसून कळलं. अम्मी दारात येऊन विचारत होती, कोण बोलतंय? मी तिला हाताने गप्प राहायला सांगितलं.

मी बऱ्याच गॅल्या बघितल्या आहेत. काहींमध्ये आरडाओरडा असतो, काहींमध्ये भीती असते, आणि काही नुसत्या घाण असतात. तुझी मी डोळ्यांनी बघितलेली नाही. पण ऐकली. चीफ कुक म्हणून लिहून देतो की ती गॅली नीट चालली आहे, आणि जी ती चालवतेय ती तिच्या जागेवर उभी आहे.

पाव झाला की बोसनने काय केलं ते कळव.

तुझे अब्बा